कोंबडीला जीन कशाला?

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी नाशकाबाहेर सरकारी कोंबडी-फार्मवर कारकून होतो. अंडी रोजच्या रोज गावात जायची, किस्से मात्र तिथेच साठायचे. इतकी वर्षं झाली, एकही नासला नाही!

\*

आमचे बर्वेसाहेब पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन आलेले, सडेफटिंग. पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून म्हणाले, "अंड्यात चोच कुठे, पाय कुठे, पिसं कशी, हे सगळं जीन ठरवतं. प्रत्येक कोंबडीत जीन असतं, आईबापाकडून आलेलं."

रहीमचाचा कोंबड्यांची देखभाल करायचे. त्याआधी त्यांचा घोड्यांची जीनं शिवायचा धंदा. आठवड्याने त्यांनी साहेबांच्या टेबलावर तळहाताएवढं चामड्याचं जीन ठेवलं. पट्टा, बक्कल, सगळं!

"आईबापाचं जुनं झालं असंल साहब, नवीन शिवलं. फक्त एक सांगा, बसनार कोन?"

तेव्हापासून साहेब 'गुणबीज' म्हणायला लागले.

\*

एकदा साध्या कोंबडीखाली उलट्या पिसांचं पिल्लू निघालं. सोनूबाई खत न्यायला आली होती. शेजारीच तिचा झेंडूचा मळा. चार मुलीच झाल्या म्हणून सासू तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरवायला निघालेली. बाई बिचारी रोज रडायची.

साहेब म्हणाले, "हा गुण बापाचा."

सोनूबाई म्हणाली, "नशीबवान हाय कोंबडी! आमच्या घरी सासूनं मलाच बोल लावला असता."

\*

साहेबांनी उबवायला ठेवून तीन दिवस झालेल्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडली. आत लाल ठिपका धडधडत होता. हृदय!

मी घरी जाऊन जाहीर केलं, "आजपासून आमलेट बंद." मी आमलेट खातो हे घरी तेव्हाच कळलं!

\*

साहेबांनी एक जोड अशी लावली, की पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असला तर कोंबडा, नसला तर कोंबडी. बातमी फुटली. चांदवडहून एकजण टोपलीभर पिल्लं घेऊन आला. साहेब म्हणाले, "हे फक्त आमच्या जोडीला लागू."

"म्हंजी बाकीच्या कोंबड्या खोटं बोलत्यात व्हय?"

\*

हे ऐकून सोनूबाईने विचारलं, "साहेब, मानसांत पोरगा का पोरगी, कोन ठरिवतं?"

"कोंबड्यांत आई. माणसांत बाप."

तिने पाटी खाली ठेवली. "हेच माझ्या सासूला सांगा."

साहेब घाईघाईने फाइल चाळायला लागले! पण दुसऱ्या दिवशी सोनूबाई सासूला आणि नवऱ्याला घेऊन हजर. चांदवडची मुलगी बघून झाली होती, सुपारी तेवढी फुटायची राहिली होती.

साहेबांनी सोनूबाईच्या दोन्ही हातांत पिवळे झेंडू दिले. नवरा तुकाराम, त्याच्या एका हातात पिवळा, दुसऱ्यात केशरी.

"मूल होताना दोघांकडून एकेक फूल जातं. दोन्ही पिवळी, तर मुलगी. एक केशरी आलं, तर मुलगा."

सासूने सुनेचे दोन्ही हात तपासले. "हिच्याकडं केशरी नायच?"

"कुठल्याच बाईकडे नसतं, आजी. तुमच्याकडेही नव्हतं."

"आन् ह्यानं चारी येळा पिवळंच दिलं?"

"हो."

म्हातारीने लेकाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग साहेबांकडे वळली.

"मंग सायेब, दुसरं लगीन हिचं लावावं लागंल की!"