शिट्टी दिल्यावर

नदीकाठी ढोलपथकाचा सराव चालला होता. शिकवणाऱ्या दादांनी गळ्यातली शिट्टी पथकातल्या रेवाला दिली. "आज तू चालव," म्हणाले आणि माझ्याशेजारी, नदीकडे तोंड करून कठड्यापाशी उभे राहिले.

शिट्टी उशिरा वाजली. ढोल विस्कटले.

"सांगा ना तिला," मला राहवेना.

"मग ती कायम माझ्याकडेच बघत राहील." दादांची बोटं मात्र कठड्यावर ठेका धरून होती.

उद्या माझ्या ऑफिसची मीटिंग पहिल्यांदाच सुलभा घेणार आहे. तिला तयार केलं मीच, आणि तिच्या अगदी समोरची खुर्चीही मीच हेरून ठेवली आहे.

रेवाने पुन्हा शिट्टी मारली. ढोल जमले, पण दादांच्या ठेक्यापेक्षा जरा संथ. दादांची बोटं अडखळली, थांबली आणि हळूच तिच्या ठेक्यावर पडू लागली.