मारुतीचे तेल आणि आमची दमणी

अंबरनाथाच्या वाटेवर आमच्या दमणीचे चाक जेथे अडकले, ती जागा मी आजही ओळखतो. विठ्ठलवाडी मागे पडली की डाव्या हातास एक एकटी बाभूळ लागते. तिच्याजवळून जाताना मला स्वतःचाच राग येतो, आणि इतक्या वर्षांच्या जपानंतरही तो ओसरत नाही याचा त्याहून अधिक येतो.

त्या वर्षी माझ्या कुटुंबाचा नवस फेडायचा होता. आमची मुलगी बाळंतरोगातून उठली, तेव्हा तिच्या आईने, म्हणजे हिने, महादेवास बोलून ठेवले होते की, घरच्या विहिरीचे पाणी शिवरात्रीस सोवळ्यात नेऊन स्वहस्ते पिंडीवर घालीन, वाटेत कळशी भुईला टेकवणार नाही, आणि पाणी घातल्यावाचून स्वतः थेंबही घेणार नाही. आदल्या वर्षी हिचा पाय मोडला आणि जाणे राहिले. पाय बरा झाला, तरी लंगडेपण उरले. दोन कोस चालणे आता हिच्याने होण्यासारखे नव्हते. कल्याणाहून आगगाडी होती, पण तिच्या गर्दीत सोवळे कसे राहावे? म्हणून माझ्या वडिलांनी केलेली जुनी छपराची बैलगाडी, ती दमणीच, न्यावी असे ठरले. हाकण्यास कोपर गावचा एक आगरी होता. तो वीस वर्षे आमच्या घरी येत असे.

गाडीचे वंगण बदलायचे तर ते काम त्याचे. चाक काढावे, आसावरचे काळे जुने वंगण खरडावे, एरंडेलात पेंढ्याची राख कालवून नवे भरावे, उरलेले गाडीखाली टांगलेल्या वेळूच्या नळीत ठेवावे, अशी त्याची रीत. परंतु अलीकडे बाजारात जे तयार वंगण येते त्यात चरबी असते, असे माझ्या कानावर आले होते. त्याने ते कधी वापरले असेल की नाही, हे मी त्यास विचारलेही नाही. संशय मात्र धरला, आणि देवकार्याची गाडी आपणच शुद्ध करावी असे मनात घेतले.

आमच्या आळीच्या टोकाच्या मारुतीची पूजा माझ्याकडे होती. शनिवारी भाविक तेल घालतात, ते मूर्तीवरून ओघळून पुढच्या दगडी डोणीत साठते. ते कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून पिंपळाच्या मुळाशी ओतण्याचा प्रघात. मला वाटले, पिंपळाला रोजच मिळते. शिवदर्शनास निघालेल्या चाकाला ते लागले तर त्याहून सार्थक कोणते? ज्याने समुद्र ओलांडला, त्यास दोन कोस ते काय?

गाडीवानाला विचारले, तेव्हा त्याने डोणीत बोट बुडवून ते तेल दोन बोटांत चोळले. "बाबा, त्येल देवाचा हाय, पन त्यान शेंदूर हाय ना. आस खाऊन टाकील." मी त्यास शेंदराचे माहात्म्य ऐकवले. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

सारी दुपार मी नारळाच्या करवंटीने जुने वंगण खरडले. वेळूची नळी रिकामी करून राखेने घासून धुतली, इतकी की तिला वासही उरू दिला नाही. आसाला ते तांबडे तेल चोपडताना मी स्तोत्र म्हणत होतो. हिने दारातून पाहिले आणि एवढेच विचारले, इकडून गाडीवानाला विचारणं झालं आहे ना? मी हो म्हणालो. विचारले होतेच, ऐकले नव्हते.

उजाडता निघालो. विठ्ठलवाडीपर्यंत डावे चाक कुरकुरत होते, मग ओरडू लागले. करपलेल्या तेलाचा वास आला, चाकाच्या मधल्या तुंब्यातून धूर निघाला, आणि बाभळीपाशी चाक फिरायचे थांबून धुळीतून फरफटू लागले.

बैल सोडले. टोकाची खीळ दगडाने ठोकून काढली, पण चाक आसावरून सुटेना. मी ओढले, हलवले, आऱ्यांना लाथही मारली. हे लिहिताना लाज वाटते. तोंडाने रुद्राचा पाठ चालला होता, तो प्रत्येक हिसक्याला तुटे, आणि कोणत्या अनुवाकापाशी तुटला तेही मला आठवेना. ऊन चढत होते. ही कळशी कडेवर घेऊन बाभळीच्या विरळ सावलीत उभी होती, दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर टाकून. कळशी दुसऱ्या कडेवर घेऊन पाहिली, पुन्हा पहिल्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. तेवढ्यात यात्रेची आगगाडी गेली, आणि खिडकीतून कोणीतरी ओरडले, "शास्त्रीबोवा, दमणी डब्यामागं बांधा!" डब्यातली माणसे हसली.

गाडीवान गाडीखाली पालथा पडून पाहत होता. गाडी खांद्याने उचलून धरल्यावाचून चाक निघणार नाही, आणि एकट्याचे ते काम नाही, असे त्याने सांगितले. मी माझ्या सोवळ्याच्या धाबळीकडे पाहिले. वाटेने कोणी येते का म्हणून दूरवर पाहिले. जवळ येणारे कोणी नव्हते.

"बाबा," तो म्हणाला, "सोवला संभाला, नाय तर आयेचा पानी संभाला. दोनी नाय व्हयाचा."

मी त्याच्या खांद्याला खांदा लावला.

चाक निघाले. शेंदूर, धूळ आणि तेल यांचे विटेसारखे थर आसावर बसले होते. त्याखाली लोखंडावर चरे पडले होते. त्याने ते सुरीने खरवडले, मी हाताने पुसले. मग त्याने वंगणाची नळी मागितली. नळी जागेवर होती, आत काही नव्हते. मीच ती धुतली होती. त्याने ती उलटी करून पाहिली आणि पुन्हा जागेवर टांगली. मला दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

"नंदादीपाचं तूप आहे," ही म्हणाली. "महादेवाला मी पाणी बोलले आहे, तूप बोलले नाही. ते घेणं व्हावं."

ते तूप मी आठ दिवस सोवळ्यात कढवून जमवले होते. मी काही म्हणण्याआधीच हिने कळशी न टेकवता, एका हाताने दमणीतून बुधली काढून गवतावर ठेवली आणि मागे सरली. गाडीवानाने वाळलेले गवत जाळले, राख तुपात कालवली, आणि ते कालवण आसावर थापले. चाक चढले. निम्म्या वाटेवर तूप वितळून ठिबकू लागले, पण पोचलो.

तोवर दुपार झाली होती. ओलेत्याने आत जावे म्हणून मी देवळामागच्या ओढ्यात उतरलो. स्नान झाले, पण हातांचे डाग निघेनात. वाळू लावली, चिखल लावला, शेवटी दगडावर घासले; तळव्यांची रेघ न् रेघ तांबडी-काळी राहिली. त्या हातांनी पिंडीस शिवावे कसे? अन् मी नाही तर मंत्र कोण म्हणणार, म्हणून मी हिला जरा थांबण्यास सांगितले.

"माझी कड आता थांबत नाही," ही म्हणाली. "हात धुणं चालू दे. मी पाणी घालून येते."

गाभारा खाली आहे. एकेका पायरीवर दुखरा पाय आधी टेकीत ही उतरली. मी वर दाराशी, ओल्या धोतरात, हात अंगापासून दूर धरून उभा होतो. खालून पाणी पडल्याचा आवाज आला. तो फार वेळ चालला नाही. कळशी लहानच होती. इतका वेळ अडलेला पाठ तेव्हा मला आठवला, पण म्हणण्याचे कारण उरले नव्हते.

रिकामी कळशी घेऊन ही वर आली. माझ्या हातून पाणी घेता येण्यासारखे नव्हते. ही स्वतःच ओढ्यावर गेली, काठाशी बसली, आणि ओंजळीने पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. गाडीवान यात्रेतल्या एका दुकानापुढे उभा राहून एरंडेल मोजून घेत होता.