व्हिडिओवाले तेलगू मामा

तेलगू मामा एका दमात चार जणांच्या आवाजात भांडायचे. नवरा, बायको, सासरा आणि दारात आलेला पोलीस, चौघंही त्यांच्या एकाच गळ्यातून निघत. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस मोठा बोलका असणार. पण खेळ संपला की मामा दिवसभरात दहा शब्द बोलायचे नाहीत. सेनगावात माझं शिलाईचं दुकान आणि त्यांचा व्हिडिओ, म्हणजे तिकीट लावून टीव्हीवर पिक्चर दाखवायची खोली, यांच्यामध्ये एकच पत्रा होता, म्हणून मला बोलके मामाही माहीत आणि मुके मामाही.

तरुणपणी ते निजामाबादकडे तांदळाच्या गिरणीत हमालीला गेले होते. पंधरा वर्षांनी परतले ते रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तेलगू भाषा घेऊन. बायको तिकडंच वारली होती, मूलबाळ नव्हतं. हिंदी पिक्चर सगळीकडे लागायचे, मामांकडे तेलगू. भाषा कुणालाच कळत नसे. मामा टीव्हीशेजारी स्टुलावर बसून प्रत्येकाचं बोलणं आमच्या बोलीत सांगत. "जसंच्या तसं सांगतो, पदरचं काही न्हाई," असं आधी बजावत. ते खोटं होतं. हैदराबादचा बंगलेवाला सेनगावच्या बाजारातल्या तुरीचा भाव कशाला विचारील? पण हसायला आलेल्या माणसाला त्याचं काय!

त्यांचा सगळ्यात जास्त चाललेला पिक्चर म्हणजे तीन बिनकामी दोस्तांचा. ते एका श्रीमंताला पळवायला जातात आणि चुकून त्याच्या आचाऱ्याला उचलून आणतात. फोन केला तर घरची माणसं म्हणतात, "आमाला नको, तुमीच ठिवा." आचाऱ्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबतात, तिथं मामा म्हणायचे, "पाव्हण्याला आधी पोटभर जेवू घाला रे!" की पत्र्यापलीकडे हशा फुटायचा. माझी मशीनवरची शिवण वाकडी व्हायची. सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो किसन, कापसाच्या व्यापाऱ्याचा जीप ड्रायव्हर. त्याला दमा होता. हसता हसता ढास लागायची, तो बाहेर येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि श्वास जाग्यावर आला की पुन्हा आत जायचा.

एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, लांबच्या गावातली तीन पोरं त्या व्यापाऱ्यालाच पळवायला आली. विशी-बाविशीची पोरं, मामांचा तो पिक्चर कितीदा तरी पाहिलेली. व्यापारी जेवणानंतर जीपच्या मागच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून झोपायचा, हे त्यांनी हेरलं होतं. त्या दिवशी मालक आडतीवर थांबला आणि सीटवर किसन तसाच रुमाल टाकून आडवा झाला. पोरांनी वरून घोंगडी टाकली, तिच्याखालूनच चाचपून तोंडात बोळा कोंबला, हात बांधले आणि त्याच जीपमधून औंढ्याच्या रस्त्याला लागले. वाटेत डिझेल संपलं. तेव्हा घोंगडी काढली. आपण ड्रायव्हरला आणलंय हे त्यांना कळलं, आणि तो मेलाय हेही.

पकडल्यावर पोरांनी पोलिसांना पिक्चरचं सांगितलं. मामांना नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, मग सोडलं. आल्यावर त्यांनी व्हिडिओला कुलूप लावलं आणि किसनच्या घरी गेले. मी सोबत होतो. किसनची बायको चुलीपुढे बसली होती. मामा उंबऱ्याबाहेरच खाली बसले. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तीच म्हणाली, "तुमच्या पिक्चरची गोष्ट रोज सांगायचे मला. तुमच्यावानी आवाज काढून. लेकरं लई हसायची." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मामा कदाचित उठून घरी आले असते. ते संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले.

खटला उभा राहिला, मामांना साक्षीला बोलावणं आलं, तेव्हा त्या पोरांचे बाप मामांकडे आले. "मामा, निस्ती गंमत व्हती, एवढंच कोर्टात म्हना. पोरं वाचतील." मला त्या बापांची दया आली. मीही मामांना म्हणालो, "गेलेला काही येत न्हाई. म्हना की."

मामा म्हणाले, "टेलर, आता पदरचं न्हाई सांगायचं."

हिंगोलीच्या कोर्टात पोरांच्या वकिलानं विचारलं, "पिक्चरमध्ये तोंडात बोळा घालतात, ते विनोदी आहे ना? लोक हसतात ना?"

"हसतात."

"म्हणजे या पोरांनाही ती गंमतच वाटली असणार."

मामांनी कठडा घट्ट धरला. "साहेब, पिक्चरमधी बोळा घातल्यावर त्यातला एक जण म्हनतो, काढ रे लवकर, जीव जाईल त्याचा. मग दुसरा काढतो. हे मी लोकांला कवाच सांगितलं न्हाई. लोक हसून राहिले व्हते, म्हनून मी तिथं जेवनाचं बोललो."

न्यायाधीशांनी मान वर केली. "तुम्हाला विचारलं तेवढंच बोला." टाइप करणाऱ्याचे हात थांबलेलेच राहिले.

बाहेर आल्यावर एका पोराच्या आईनं "गंमत व्हती, एवढं बी म्हनला न्हाईस!" म्हणत मामांच्या अंगावर माती फेकली. त्यांनी ती झटकलीसुद्धा नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. नर्सीच्या फाट्यावर अचानक उठले आणि म्हणाले, "तू जाय पुढं." मला वाटलं, तिथल्या देवळात जाऊन मागच्या गाडीनं येतील. ते आले नाहीत. महिनाभरानं घरमालकानं व्हिडिओचं कुलूप तोडलं.

तीन-चार वर्षांनी कापड आणायला निजामाबादला गेलो, तेव्हा गिरण्या पालथ्या घातल्या. एका गिरणीत सापडले. पाठीवर पोतं होतं, केस सगळे पांढरे. मी हाक मारली, "मामा, मी टेलर. घरी चला." त्यांनी पोतं खाली ठेवलं. मला नीट ओळखलं, ते डोळ्यांत दिसत होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात बरंच काही बोलले. इतकं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. पण सगळं तेलगूत. मी दोनदा म्हणालो, "मामा, मराठीत सांगा." ते थांबले, नाही म्हणून मान हलवली, पुन्हा पोतं उचललं आणि आत गेले.

ते काय म्हणाले, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.