साडू सल्ला देतो

माझ्या साडूचा दिवस साडेनऊला सुरू व्हायचा. त्याआधी तो फक्त उठलेला असायचा. आम्ही दोघे एकाच पंपाच्या कारखान्यात. मी खाली फिटर, सातला हजर. तो वर, उत्पादन प्रमुख. उत्पादन आम्ही करायचो, प्रमुख तो होता. कधी खाली उतरलाच तर हात पाठीमागे बांधून चालायचा, चुकून कशाला लागायला नकोत म्हणून.

मी निवृत्त झालो आणि कारखान्याचे मालक बदलले. नव्यांनी विचारलं, हा माणूस नेमकं काय करतो? सगळ्या खात्यांत चौकशी झाली. कुणालाच सांगता येईना. फंड, ग्रॅच्युइटी हातात ठेवून त्याला घरी पाठवलं. कंपनीचा बंगला गेला, गाडी गेली. मधे काही दिवस तो कुणाला दिसला नाही. मग कळलं, साहेब एका करिअर सल्ला केंद्राचे प्रमुख झाले.

"इंडस्ट्री सोडली मी," तो सांगत सुटला. "आता माणसं घडवायची."

नट आवळता न येणारा माणूस माणसं घडवायला बसला.

माझी मुलगी पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरते. तिचा वर्कशॉपवाला थकला. "तू गाळा चालवायला घे, नाहीतर शनिवारी दुसऱ्याला देतो," म्हणाला. मुलगी अडली. घ्यावा की नाही, ठरेना. बायको म्हणाली, "घरचा सल्लागार असताना डोकं कशाला पिकवतेस?" म्हणून ती केंद्रावर गेली, मीही सोबत.

बाहेरच्या टेबलावर पन्नाशीचा एक गृहस्थ होता. त्यानेच नाव विचारलं, त्यानेच पाणी आणलं, त्यानेच दार उघडलं.

साडूने मुलीला समोर बसवलं. "बाळा, हात काळे करण्यात भविष्य नाही. तुझ्यात लीडर आहे. आमचा कोर्स कर."

"आणि गाळा, काका?"

"तो छोटा विचार झाला."

"कोर्स करून नोकरी कुठे लागते?"

"दिशा मिळते."

"दिशेला पगार असतो का?"

साडू माझ्याकडे बघून हसला. "तोंड बापाचं घेतलंय."

"हातही," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर मुलीने टेबलावरच्या गृहस्थाला विचारलं, "तुम्ही केलात का कोर्स?"

"केला की. कापड गिरणीत स्टोअर बघायचो. ते सुटलं, म्हणून सल्ल्याला आलो."

"मग यांनी कुठे लावलं?"

"हे काय, इथेच." त्याने आवाज उतरवला. "आजवर दोघांनाच लावलंय. मी आणि आतले सर."

"सर?"

"तेही आधी सल्ल्यालाच आले होते. केंद्राच्या मालकाने सांगितलं, तुमच्यात लीडर आहे, पैसे घाला आणि प्रमुख व्हा. त्यांनी होते तेवढे घातले."

मुलीने जिन्यातूनच वर्कशॉपवाल्याला फोन लावला. "गाळा मी घेतेय. दुसऱ्या कुणाला बोलू नका."

मला हसू आलं, ते जिना उतरेपर्यंत टिकलं. बंगला सुटल्यापासून मेहुणी भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. फंड आला की स्वतःचं घर घ्यायचं, हे तिचं कधीचं ठरलेलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला हवी, तेसुद्धा. साडूच्या जन्मभराच्या पगारातून जे उरलं होतं, ते त्याने एका सल्ल्याला दिलं.