पट्टा निसटला नव्हता

मंडळी, आज सकाळी प्रताप नगरात चिंगीला फिरवत होतो. समोरून एक मुलगी ग्रेहाउंड कुत्रा घेऊन आली. माझी छोटीशी चिंगी दिसताच तिने त्याला जवळ ओढलं आणि रस्त्यापलीकडे गेली.

"काका, याले लहान कुत्रं दिसलं का ससाच वाटते," ती तिकडून म्हणाली. "अन् याचं डोकं मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा निसटून जाते, म्हणून हा रुंदवाला."

मी चिंगीला उचलून घेतलं.

सत्तरच्या दशकात खापरखेड्याच्या कॉलनीत आमचाही ग्रेहाउंड होता, राजा. एका संध्याकाळी त्याने शेजारच्या काकूंची छोटी कुत्री, सोनी, धरली. सोनी वाचली नाही.

"पट्टा निसटला वं काकू," मी म्हणालो.

काकूंनी रडता रडता माझीच समजूत काढली. "जाऊ दे बाबू, तू काय करशीन त्याले?"

पट्टा निसटला नव्हता. राजा कसा पळतो हे दोस्तांना दाखवायला मीच तो काढला होता.

काकू आता नाहीत. त्यांची मुलगी याच ग्रुपवर आहे, चिंगीच्या प्रत्येक फोटोला लाइक देते. ताई, शिव्या द्यायच्या असतील तर इथेच दे, सगळ्यांसमोर.