पुठ्ठ्यावरचं अक्षर

चौथं एचिंग फ्रेममधून काढत होते, तेवढ्यात काकांनी विचारलं, "आधीच्या तिन्हींमागचे पुठ्ठे कुठे आहेत गं?"

"टाकले. अ‍ॅसिडिक होते, काका."

काका म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावचे एक रिटायर्ड डॉक्टर. मी जवळच्याच एका स्टुडिओत पेपर कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुने कागद दुरुस्त करते. त्यांची चार एचिंग्ज अठराव्या शतकातली. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. सुईने उघड्या पडलेल्या रेषा अ‍ॅसिड खातं. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. ही चारही काढणारा इटालियन चित्रकार नाटकांचे सेटही करायचा. चित्रांत ते दिसतं. दोन्हीकडच्या इमारती विंगांसारख्या पुढे आलेल्या, मधला चौक रिकामा.

कुणीतरी ही चित्रं स्वस्त पुठ्ठ्यावर चिकटवली होती. असा पुठ्ठा कागद आधी तपकिरी करतो, मग ठिसूळ. म्हणून तो स्काल्पेलने, म्हणजे सर्जनच्या बारीक सुरीने, थराथराने सोलायचा. पुठ्ठ्यामागे ब्राउन पेपर होता. तो आधी वेगळा काढून पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूचा फोटो घ्यायचा असतो. मी तिन्हींचा पेपर आणि पहिला थर एकदमच सोलला. काम उरकायची घाई होती.

"शैलाने त्यांवर पेन्सिलने लिहिलं होतं," काका म्हणाले.

शैलाकाकू, काकांच्या पत्नी, इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचे सेट करायच्या, या चित्रांवरून. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

"मला सांगायचं ना, काका."

"तू बघशीलच असं वाटलं."

ट्रॅश कधीच गेला होता. मी बॉसला, ग्रेसला, फोन केला.

"मागचे फोटो आहेत?" तिने विचारलं.

"नाहीत."

"मग रिपोर्टमध्ये तसंच लिही."

चौथ्याचा मी फक्त ब्राउन पेपर काढला. खाली बारीक अक्षर होतं. 'डावी विंग दोन फूट पुढे. ह्यांचं डोकं कमानीला लागतं. सहा इंच वाढवणे.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "दर प्रॅक्टिसला आपटायचो," म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

"हा थर अख्खा वेगळा काढून जपता येईल," मी म्हणाले.

"नको. आता हात लावू नकोस."

तीन एचिंग्ज स्वच्छ झाली. आणखी कितीतरी वर्षं टिकतील. चौथं पुठ्ठ्यासकट घरी गेलं. ते तपकिरी होत जाणार, हे मी काकांना सांगितलं.

हल्ली फ्रेम उघडण्याआधी मी क्लायंटला विचारते, मागे काही लिहिलंय का. 'नाही' म्हणाले, तरी बघते.