‘नेग्लिजन्स’चा वाक्यात उपयोग

एका हातानं बसच्या दांडीला लटकायचं, दुसऱ्या हाताचं बोट वर करायचं आणि गाडीनं सिडको सोडायच्या आत ओरडायचं, "आजचा शब्द! आधी हिंदीत अर्थ, मग वाक्यात उपयोग. नुसता अर्थ सांगणारा नापास!" असा त्याचा रोजचा नेम होता.

वाळूजला जाणारी आमची कंपनीची बस. कुणी डुलक्या काढतंय, कुणी मोबाईलमध्ये डोकं घातलंय. कुणाला हवा होता त्याचा शब्द? पण गडी सोडायचा नाही. आम्ही त्याला डिक्शनरीच म्हणायचो. तुमच्याही बसमध्ये असा एखादा असेल बघा. नसेल तर तुम्हीच असाल.

बारावीला इंग्रजीत दोनदा आपटला होता. मग शेती भावाकडं सोडून गंगापूरकडून इकडं आला आणि आमच्या स्टोअरला चिकटला. शहागंजातून एक जाडजूड, जुना इंग्रजी-हिंदी कोश आणला होता त्यानं. मी एकदा म्हटलं, "अहो, मराठीतला आणायचा की! जिवाला एवढा ताप कशाला?"

"ताई, साहेबाला मराठी कुठं येतंय? इंग्रजीत शिव्या देतो अन् हिंदीत समजावतो. आपल्या मराठीला तिथं जागाच नाय."

याच जोरावर तो साहेबाचा लाडका झाला होता. नवीन बोर्ड लागला, कामगारांना काही सांगायचं असलं, की "बुलाओ उसको." हा लगेच शर्ट खोचून साहेबाच्या खुर्चीशेजारी उभा. तेव्हा त्याचा चेहरा असा फुलायचा की मला हसू यायचं आणि रागही. मी तोंडावर म्हणायचे, "साहेबाचा चमचा!"

"स्पून. हिंदीत चम्मच. वाक्यात वापरा ताई, वाक्यात!"

आता असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

एके दिवशी त्यानं ‘नेग्लिजन्स’ काढला. "हिंदीत लापरवाही, असावधानी. आपल्यात हलगर्जीपणा. बायकोची भाकर करपली, ती मिस्टेक. गॅस चालू ठेवून ती शेजारी गप्पा हाणायला गेली, तो नेग्लिजन्स."

"आणि गॅस संपला म्हणून बायको चार दिवस सांगतेय अन् नवरा ऐकतच नाही, ते काय?" मी विचारलं.

"तो तर लई मोठा नेग्लिजन्स!"

सगळ्यात जोरात हसला तो सोपान. पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होता. कन्नड तालुक्यातला, बाप अजून मेंढरं वळतो. घरात महिन्याचा पगार आणणारा हा पहिलाच.

त्या दिवसांत मोठी ऑर्डर आली होती. हात मध्ये आला की प्रेस आपोआप थांबते, तसा सेन्सरच असतो तिला. पण त्यानं माल हळू निघतो म्हणून वरच्यांनी तो बंद करून ठेवलेला. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायचं कुणी? मी पॅकिंगला पेट्या लावत होते आणि किंकाळी आली. धावले. सोपानच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. मी माझी ओढणी गुंडाळली त्या हाताला. ती बघता बघता भिजून जड झाली.

तो दवाखान्यातून सुटल्यावर साहेबाच्या केबिनमध्ये चौकशी झाली. पहिली धावलेली म्हणून मलाही बोलावलं. दोष सोपानचा ठरला की भरपाईचं नाव निघणार नव्हतं, हे न कळण्याइतकं दूधखुळं तिथं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "सेन्सर बंद होता." साहेब म्हणाला, "आपसे जितना पूछा जाए, उतना ही." मग डिक्शनरीकडं वळून म्हणाला, "इसको मराठी में समझाओ. नेग्लिजन्स इसकी थी. बस, हाँ बोल दे."

डिक्शनरीनं शर्ट खोचला.

"साहेब, पहले मतलब बताता हूँ. नेग्लिजन्स, हिंदी में लापरवाही." त्यानं बोट वर केलं. "वाक्य में प्रयोग. सेन्सर बंद करके प्रेस चलवाना, ये कंपनी की नेग्लिजन्स है."

मग सोपानकडं वळून म्हणाला, "हो म्हणू नको रं. हो म्हणलास तर तुझी बोटं तूच तोडली, असं होईल."

मला रडूच फुटलं. ज्याला चमचा म्हणून हिणवलं, त्या माणसाचा एवढा अभिमान वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

सोपान पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "माझीच चूक हाय साहेब. माझंच ध्यान नव्हतं."

आदल्या दिवशीच कंपनीतून कुणीतरी त्याच्या घरी जाऊन आलं होतं, हे मला नंतर कळलं. हो म्हणालास तर गेटवर वॉचमन, नाही तर बस घरी. तो हात घेऊन बिचारा दुसरीकडं कुठं जाणार होता? मी त्याच्यावर चिडायला गेले, पण चिडता येईना.

डिक्शनरी त्याला एवढंच म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी डिक्शनरीला कामावरून काढून गेटवरूनच परत पाठवलं.

आता बसमध्ये सगळे निवांत झोपतात. मला मेलीला झोप येत नाही.

तो मला शेवटचा दिसला तो गेटवरच. लॉकरमधलं सामान न्यायला आला होता. आमची शिफ्ट सुटत होती. समोर वॉचमनच्या नव्या कपड्यांत सोपान.

"दादा, आत सोडता येत नाय. वरून सांगितलंय." सोपानची मान वर होईना.

"व्हय रं, तुझा काय दोष त्याच्यात? दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो."

"तेल कोमट करून लावत जा."

मी आत जाऊन त्याच्या चपला, डबा आणि स्वेटर आणून दिला. "या कधी घरी," म्हटलं. तो हसला.

मग सोपान गेट लावायला लागला. लोखंडी गेट जड, डाव्या हातानं ते ओढून धरता येईना आणि कडीही सरकेना. त्यानं दोनदा जोर केला. बाहेर उभ्या डिक्शनरीनं सामान खाली ठेवलं, गेटला खांदा लावला आणि कडी बसेपर्यंत ते आत रेटून धरलं.

"बसली का रं?"

"बसली, दादा."